तिसरं माणूस

पडद्यावर सोमलिंग ऐकत होता. एवढंच. बोलत होता तो दुसराच, कुरळ्या केसांचा, बारीक अंगाचा, हात नाचवत थापा मारणारा त्याचा मित्र. सोमलिंग भिंतीला टेकून नुसता ऐकत होता, आणि तंबूत बायकांच्या बाजूला, कनातीला पाठ लावून बसलेल्या त्याच्या बायकोच्या, इरम्माच्या, काळजात बारीक काहीतरी तटकन तुटल्यासारखं झालं. काय झालं ते आधी तिला कळलंच नाही. तिला वाटलं, रोज ताटावर वाकलेलं नवऱ्याचं तोंड एकदम खळ्याएवढं मोठं झालेलं बघून आपण दचकलो असू. आजूबाजूच्या बायका हसून हसून लोळत होत्या. शेजारच्या शांताक्काने कोपराने ढोसलं, "अगं इरम्मा, तुझाच हाय की गं ह्यो! आन् घरात कसा मुक्यागत असतोय!" बाहेर इंजिन धडधडत होतं. सिनेमा जुना होता, पडद्यावर सारखे ओरखडे पडत होते, मधेच आवाज घोगरा होत होता, तरी तिला त्या ओरखड्यांच्या मागचं ते तोंड लख्ख दिसत होतं. समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याचं उत्तर या तोंडावर उमटायला लागायचं, दूध वर येण्याआधी भांड्याच्या कडेला थरथर दिसते तसं. तो दुसरा श्वास घ्यायला थांबला की याचाही श्वास थांबायचा. तो दुसरा खोटं बोलतोय हे याला ठाऊक होतं, आणि याला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि त्या ठाऊक असण्यात दोघं असे मजेत बसले होते की जगात तिसऱ्या कुणाची गरजच नव्हती. मग तिला कळलं काय टोचलं ते. हा माणूस आपलं बोलणं असं कधी ऐकत नाही. आडतीवर मापाडी माप ओरडतो ते जसं ऐकतो तसं ऐकतो. ऐकलेलं विसरत नाही, काही चुकत नाही, सांगितलेली वस्तू आणतो. पण तोंडावर काही येत नाही.

ती मूळची आळंदची. घरात कानडी, मराठी तिला लग्नानंतर आली, तीही उमरग्याच्या बाजारपेठेतली. लग्न ठरलं तेव्हा मुलगा कोल्हापूरला सिनेमात होता हे मोठ्या माणसांनी सांगितलं होतं, पण आजारी होता म्हणून सांगावं तसं, म्हणजे आता बरा झालाय, काळजी नको. बाप वारल्यावर तो परत आला होता आणि तुरी-करडईच्या आडतीवर गादीला टेकून बसला होता. सासू असेपर्यंत घरात त्या दिवसांचं नावही निघालं नाही. सासू गेल्यावर काढावं असं कुणाला सुचलं नाही. धाकटा दीर गुंडप्पा कधी चेष्टेत म्हणायचा, "अण्णा, येकदा करून दाखव की," आणि सोमलिंग पानाला चुना लावत राहायचा. इरम्माने स्वतःची समजूत घालून घेतली होती. एखाद्या विहिरीला पाणीच कमी. त्याला विहीर काय करणार? मारत नाही, ओरडत नाही, जेवणाला नावं ठेवत नाही. शेजारणी आपापल्या नवऱ्यांची गाऱ्हाणी सांगायला बसल्या की तिच्याजवळ सांगायला काही नसायचं, आणि ते काही नसणं हेच सुख, असं धरून ती चालली होती. पण विहीर कोरडी नव्हती. तंबूतून परत येताना, पायाखालची ढेकळं चुकवताना, तिला एवढंच सारखं आठवत होतं. विहीर कोरडी नव्हती.

तो तंबूकडे फिरकला नव्हता. आडतीच्या ओट्यावर बसला होता, आणि सिनेमा बघून परतणारे लोक रस्त्यातूनच ओरडत होते, "काय सोमलिंगप्पा, जोडीदार कुठाय?" तो हात वर करून नुसता मान हलवत होता. जेवायला वाढताना तिने विचारलं, "त्यो दुसरा कोन?"

"कोण दुसरा?"

"तुमचा दोस्त. शिनिमातला."

"मार्तंड." त्याने भाकरी मोडली. "तुळजापूरचा. पुजाऱ्याघरचा पोरगा. घरच्यांनी हाकलला म्हणून आलता."

"लई जीव हुता व्हय एकमेकांवर?"

सोमलिंगने ताटातलं मीठ बोटाने कडेला सारलं. मग म्हणाला, "आम्ही बोलत नव्हतो."

तिला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "भांडलाव?"

"न्हाई. भांडायला काय झालं? पैल्यांदा एकाच खोलीत ऱ्हात होतो. एका ताटात जेवत होतो. मग ते सिनेमे झाले. लोकांना आवडायला लागलं. मग खोलीवर यायचं आन् काय बोलायला जावं तर..." तो थांबला, जणू शब्द दाताखालच्या खड्यासारखा लागला. "तर ते तसलंच वाटायचं. पडद्यावरच्यासारखं. आपणच आपलं ऐकतोय असं. त्याला बी तसंच वाटत आसंल. मग त्यो बोलंना झाला, मी बी. सेटवर उभं राहिलं की सगळं व्हायचं. दिवा बंद झाला की तो त्या बाजूला जायचा, मी ह्या बाजूला."

"आन् ते तुमी ऐकत हुता ते? तसं बघत हुता ते?"

"कुठं?" तो खरंच गोंधळला होता. "ते काम होतं."

तिने आमटी वाढली. मनात तिला दोन वाटा दिसत होत्या आणि दोन्ही बंद. ते खरं असलं तर तिच्या वाटणीचं होतं ते तिकडे खर्च होऊन आलं होतं. खोटं असलं तर हा माणूस बोलतही नसलेल्या माणसाकडे असं बघू शकतो, मग याच्या कुठल्या बघण्यावर विश्वास ठेवायचा? तंबू गावात होता तोवर ती शांताक्काला घेऊन पुन्हापुन्हा गेली. गोष्टीकडे तिचं लक्ष नव्हतं. ती फक्त एक तोंड बघायची, तेही ते बोलत नसताना. घरी आल्यावर तेच तोंड दिव्यापलीकडे जेवत असायचं आणि तिला परक्या घरात आल्यासारखं वाटायचं. एकदोनदा तिने शांताक्काच्या सुनेची फजिती रंगवून सांगून बघितली, हात नाचवून, मधेच थांबून. तो शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "बरं." तंबू गेला. जमिनीवर खुंट्यांची भोकं राहिली आणि पावसाळ्यात तीही बुजली.

मग दिवस फिरले. देशात स्वराज्य आलं म्हणत होते, पण ते सोलापूरच्या अलीकडे, निजामाच्या मुलखात, यायला तयार नव्हतं. रस्त्यावर खाकी कपड्यांतली, बंदुका घेतलेली माणसं दिसायला लागली. आज या गावात आग लागली, उद्या त्या गावातली माणसं पळाली, असं कानावर यायला लागलं. बाजार दुपारीच उठायचा. घरं रात्रीतून रिकामी व्हायची. सकाळी दाराला कुलूप आणि ओट्यावर चुकलेलं वासरू. इरम्मा दार लावून घरात बसायची. घर तेच, माणसं तीच, पण आता बाहेर जायला जागाच उरली नाही म्हटल्यावर आतलं मुकेपण अंगाला चिकटायला लागलं. दिवस दिवस दोघं समोरासमोर असायची. तो सुतळीच्या गाठी सोडवत बसायचा. ती डाळ निवडायची. कधी ती मान वर करून म्हणायची, "ऐका की," आणि त्याने तोंड वर केलं की काय सांगायचं होतं तेच ती विसरायची.

सोमलिंगने ओळखीतून सोलापूरला लग्नाला जाण्याचा परवाना मिळवला, तो स्वतः, बायको आणि भाऊ गुंडप्पा अशा तिघांचा. पण गुंडप्पाला धीर निघाला नाही. तो आधीच शेताशेतातून हद्द ओलांडून गेला. निघायच्या आदल्या दुपारी मागच्या दाराची कडी वाजली. इरम्माने दार किलकिलं केलं. डोक्याला पटका, अंगावर धनगरी घोंगडं, दाढी वाढलेली. पण घोंगड्यातून बाहेर आलेला हात तिने ओळखला. तो हात तिने पडद्यावर नाचताना बघितला होता.

"वहिनी," तो म्हणाला, "मी मार्तंड. सोमलिंग आहे का?"

तुळजापुरात त्याने स्वराज्याच्या दोनतीन सभांत भाषणं केली होती. आवाज लांब जाणारा, माणूस लोकांच्या ओळखीचा. आता खाकीवाले त्याला शोधत होते. हे सगळं त्याने तिला सांगितलं, सोमलिंगला नाही. सोमलिंग माजघरात येऊन उभा राहिला, त्याच्याकडे बघितलं, मान हलवली आणि खांबाला टेकून बसला. मार्तंड समोरच्या भिंतीला टेकून बसला. इरम्मा चुलीपुढून बघत राहिली. एवढ्या वर्षांनी भेटलेली दोन माणसं. एक जमिनीकडे बघतोय, एक आढ्याकडे. पाण्याचा तांब्या मधे. तिने जीव कानात आणला होता. आता सुरू होईल, आता होईल. आणि काहीच झालं नाही. शेवटी सोमलिंग तिच्याकडेच बघून म्हणाला, "गुंडप्पाची जागा रिकामी हाय. त्याला सांग, चल म्हणावं." आणि मार्तंडही तिलाच म्हणाला, "तुमचे उपकार होतील, वहिनी." तिला हसू यावं की भीती वाटावी कळेना. नवरा खोटं बोलला नव्हता. आणि तरीही ते दोघं ज्या जागी बोलत नव्हते ती जागा तिला घरातल्या कुठल्याही जागेपेक्षा भरलेली वाटत होती. आपल्या आणि याच्या मधलं मुकेपण असं कधी भरलेलं नव्हतं, असं तिला वाटलं, आणि त्या नुसत्या बसलेल्या मार्तंडचा तिला एवढा संताप आला की हातातलं उलथनं तिने तव्यावर आपटलं.

पहाटे निघताना, मार्तंड गुंडप्पासारखा लिंगायत दिसावा म्हणून, सोमलिंगने आपल्या वडिलांची लिंग ठेवायची रिकामी चांदीची डबी त्याच्या गळ्यात अडकवली आणि विभूतीचा गोळा घेऊन त्याच्या समोर बसला. मार्तंडने न सांगता डोळे मिटले आणि हनुवटी वर केली. सोमलिंगची तीन बोटं त्या कपाळावरून फिरली. कुठं खोलगट आहे, कुठं केस आड येतात, सगळं बोटांना पाठ होतं. सेटवर हे काम किती वेळा झालं असेल कोण जाणे. बोटं काढून त्याने जरा मागे सरून बघितलं, आणि अंधुक उजेडात इरम्माला दिसलं, दुधाच्या कडेची ती थरथर. क्षणभरच. मग त्याने हात धोतराला पुसले आणि बैल जुंपायला गेला.

जळकोटपर्यंत, आणि मुक्कामानंतर नळदुर्गच्याही पुढं, गाडीत कुणी बोललं नाही. सोमलिंग पुढं कासरा धरून, मार्तंड मागं पाय सोडून, मधे कडब्यावर इरम्मा. दोघांच्या पाठी तिच्याकडे. हद्दीच्या अलीकडे करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. रस्त्यावर आडवी लाकडाची बल्ली, झाडाखाली बाज, बाजेवर जमादार, आणि बंदुका मांडीवर घेऊन बसलेली तिघं-चौघं तरणी पोरं. जमादार वयस्क होता, मिशीला मेंदी लावलेला. त्याने परवाना उलटसुलट बघितला, गाडीतला कडबा पोरांकडून उपसवला, आणि मग त्याची नजर सोमलिंगवर थांबली. मार्तंडवर गेली. परत सोमलिंगवर आली.

"अरे," तो बाजेवरून उठलाच. "ये तो वोईच हैं! सोलापूर में देखे थे हम. दो दोस्त, एक शेरवानी. अरे, क्या पिक्चर था!" मग त्याचा आवाज बदलला. "मगर उसमें एक तो तुळजापूरवाला था. मार्तंड करके. उसको तो ढूंढ रहे हैं ना?"

पोरांनी बंदुका हातात घेतल्या. इरम्माने पदर पुढं ओढला. तिने नवऱ्याच्या पाठीकडे बघितलं, आणि ती पाठ बदलली. खांदे सैल झाले, मान तिरकी झाली, आणि गाडीवरून उतरला तो कुणी दुसराच उतरला.

"जमादारसाहेब," तो हसत म्हणाला, "मार्तंड हे कंपनीनं ठेवलेलं नाव. गुंडप्पा म्हटल्यावर तिकीट कोण काढंल? ह्यो माझा पाठचा भाऊ. सख्खा."

"आन् तुळजापूरला आमची मावशी असती," मार्तंड मागून उडी मारत म्हणाला. बामणी बोली कुठल्या कुठं गेली होती. "म्हणून तुळजापूरवाला. खरं तर ह्येनंच पसरवलंय, साहेब. माझं गाव उमरगा म्हटलं तर ह्येची इज्जत जाती."

"गेली की! ह्येच्यामुळं बापानं..."

"बापानं तुला काढलं. मला न्हाई. मी सांगू का साहेब, ह्येला का काढलं?"

"सांगू नको."

"सांगतोच."

आणि ते सुरू झालं. इरम्मा कडब्यात बसून बघत होती, आणि मधे पडदा नव्हता. ओरखडे नव्हते, इंजिन नव्हतं. उन्हात, धुळीत, तिच्यापासून हाताच्या अंतरावर एकाचा शब्द दुसऱ्याच्या ओठावर तयार होत होता. सोमलिंग ऐकत होता, पूर्ण अंगाने. परवा तांब्याच्या दोन बाजूंना बसलेली माणसं ती हीच. मरणाच्या तोंडात उभी असताना त्यांना एवढं सुख होत होतं हे तिला दिसत होतं, आणि ते दिसणं सोसत नव्हतं. पोरांतला एक हसला. दुसरा हसला. जमादारही हसला, पण तो बारा गावचं पाणी प्यालेला होता. हसत हसतच तो गाडीजवळ आला.

"ये तो पिक्चर हो गया," तो म्हणाला. "नाटकवाले लोग हैं, रो के भी दिखाएंगे." मग इरम्माकडे वळून मोडक्या मराठीत म्हणाला, "बाई, तू तर नाटकवाली न्हाई. इमान से बोल. हा तुझा दीर हाय का?"

सगळं थांबलं. बैलाच्या गळ्यातली घुंगरंही. मार्तंडचा चेहरा तिला पदराआडून दिसत होता. डोळे तिच्यावर नव्हतेच, लांब कुठंतरी बाभळीवर होते. एक शब्द पुरला असता. न्हाई. किंवा शब्दही नको, नुसतं रडणं. तो इथं राहिला असता आणि तिच्या आयुष्यातून ती भरलेली जागा कायमची गेली असती. नवऱ्याचं काय झालं असतं हेही त्या क्षणी तिच्या मनात आलं नाही, याची तिला नंतर फार लाज वाटली. तिने तोंड उघडलं तेव्हा आपण काय बोलणार हे तिला स्वतःला माहीत नव्हतं.

"दीर?" ती म्हणाली. "दावेदार हाय माझा ह्यो! लगीन करून आणलं तवापसनं बघाय लागले. ह्यो असला की ह्यांना बायको दिसत न्हाई. माझ्यासंगं बोलाया ह्यांच्या तोंडात गुळणी. 'बरं.' एवढंच. सांजसकाळ 'बरं.' आन् ह्यो आला की बघा, बघितलं न्हवं आता? कशी जीभ सुटती! मी काय मुकी हाय? मला बोलाया येत न्हाई?" तिचा आवाज फाटला. "ठिवून घ्या तुमी ह्येला हितंच, जमादारसायेब. ठिवून घ्या. माझा संसार तर हुईल."

जमादार क्षणभर तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने कपाळाला हात मारून घेतला. "या अल्ला," तो पोरांकडे वळून म्हणाला, "बिल्कुल हमारे घर की कहानी!" आणि पोटभर हसला. मार्तंड हात जोडून म्हणत होता, "वहिनी, चार माणसांत तरी नको की," आणि इरम्मा त्याच्यावर कडाडत होती, "चार माणसांतच! घरात कोन ऐकतंय?" त्या सगळ्या गलक्यात तिने सोमलिंगकडे बघितलं. तो तिच्याकडे बघत होता. भिंतीला टेकल्यासारखा गाडीच्या चाकाला टेकून तो ऐकत होता, तिचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच त्याच्या तोंडावर काहीतरी उमटत होतं, आणि ती श्वास घ्यायला थांबली तेव्हा तोही थांबला. तिला वाटलं आपण उजेडात उभ्या आहोत. बल्ली वर गेली.

बोरामणीच्या अलीकडे मार्तंड उतरला. गळ्यातली डबी काढून त्याने कडब्यावर ठेवली. सोमलिंगने बैल थांबवले होते, पण मान वळवली नाही. मार्तंडही त्याच्याशी काही बोलला नाही. तो तिच्या बाजूला आला.

"वहिनी, तुम्ही ते मनापासून बोललात."

"व्हय," ती म्हणाली. तिला खोटं बोलायचं त्राण नव्हतं.

"मला कळलं. त्यालाही कळलं असेल." तो थोडा घुटमळला. "म्हणून सांगतो. सारखं करू नका. पहिल्यांदा फार बरं वाटतं." एवढं बोलून त्याने घोंगडं खांद्यावर टाकलं आणि आडवाटेने चालू लागला. इरम्माला वाटलं, मेला जाता जाता पण जळतोय.

सोलापुरात एका गिरणीमागच्या चाळीत त्यांना खोली मिळाली. मोगलाईतून आलेल्या माणसांनी चाळ भरून गेली होती. गुंडप्पा दुसऱ्या आडतीवर नोकरीला लागला आणि तिकडेच झोपायचा. संध्याकाळी सगळी बिऱ्हाडं अंगणात यायची, आणि तिथं एकदा कुणीतरी विचारलं, नाक्यावरून कसे आलात? इरम्माने सांगायला सुरुवात केली. सोमलिंग उंबऱ्यावर बसला होता. ती जमादाराच्या मेंदीच्या मिशीपर्यंत आली आणि तो मधेच म्हणाला, "मिशी तू कवा बघितली? पदर तर हनुवटीपर्यंत होता." ती गर्रकन वळली. "पदरातनं सगळं दिसतं. तुमचा जलम लुगड्यात गेला आसता तर कळलं आसतं." अंगण हसलं. सोमलिंगचं तोंड उजळलं. तिला अंगभर शहारा आला.

मग ते रोजचं झालं. बायका मुद्दाम तिच्या दारी निवडणं-टिपणं घेऊन बसायच्या, सोमलिंग कामावरून आला की म्हणायच्या, "आला गं तुझा, चल, कर सुरू." ती त्याच्या धोतरावरून, भाजीवरून, कशावरूनही सुरू करायची, आणि तो उचलायचा. कधीच चुकायचा नाही. तिने कुठं थांबायचं, कुठं ओठ मुडपायचे हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण त्याच्या तोंडाकडे बघितलं की कळायचं. एवढ्या वर्षांत मिळालं नाही ते तिला दोन महिन्यांत ओंजळीओंजळीने मिळालं. तो तिच्याकडे बघायचा, हसायचा, एकदा तर तिने असं काही म्हटलं की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. ती सुखात होती. ती सुखात होती आणि कधी फिरलं ते तिला कळलं नाही. बायका उठून जायच्या, आपापल्या चुली पेटवायच्या, आणि खोलीत ती दोघं उरायची. आधी ती थकून गप्प बसायची. मग एकदा तिने त्याला खरंच काही सांगायला घेतलं, की भावाचा काही निरोप नाही, आळंदला काय झालं असेल. आणि आपलाच आवाज तिने ऐकला. तो बरोबर जागी थांबत होता. बरोबर जागी फाटत होता. सोमलिंगने मान वर केली आणि त्याच्या तोंडावर ते उमटायला लागलं, आणि तेवढ्यात त्यालाही कळलं. दोघांनीही नजर काढून घेतली. "बरं," तो म्हणाला नाही. तेवढंही म्हणाला नाही. पूर्वी तो 'बरं' तरी म्हणायचा, आणि ते 'बरं' आडतीवरचं, रुक्ष, पण त्याचं स्वतःचं होतं. आता ती ताट वाढायची, तो जेवायचा, आणि भिंतीपलीकडे कुणी खोकलं की दोघांच्याही माना एकदम तिकडे वळायच्या.

सप्टेंबरात हिंदुस्थानच्या फौजा हद्दीपलीकडे गेल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं संपलं. निजामाचं राज्य गेलं. रस्ते मोकळे झाले. चाळीत पेढे वाटले, माणसं गळ्यात पडून रडली आणि सामान बांधायला लागली. आळंदची माणसं सुखरूप असल्याचा निरोप आला. गुंडप्पा म्हणाला, मी इथंच राहतो, नोकरी बरी आहे. निघताना चाळीतल्या बायकांनी इरम्माची ओटी भरली. एक म्हातारी तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "जोडा असावा तर असा गं बाई. घरात कसा मेळ असंल तुमचा!" इरम्माने वाकून नमस्कार केला. सोमलिंग हसत म्हणाला, "मेळ कसला आजी, मार खातो मार," आणि सगळ्या हसल्या, आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत दोघं हसत होती.

वळण गेलं. नाक्यावर कुणी नव्हतं. बल्ली कुणीतरी सरपणाला नेली होती. नळदुर्गला मुक्काम झाला. सकाळी पुन्हा गाडी चालू लागली. दोन्ही बाजूंना ज्वारीची कोवळी पिकं, वर आभाळ, आणि पुढं अजून दिवसभराचा रस्ता; त्याच्या शेवटी उमरगा, बंद घर, आणि त्या घरात ती दोघं. सासू नाही, दीर नाही. शांताक्काही म्हणे लातूरला लेकाकडे गेली होती. इरम्माने चार वेळा तोंड उघडलं आणि मिटलं. सोमलिंगची पाठ तिच्याकडे होती. तिला ती पाठ ओळखीची वाटली. अशाच दोन पाठींच्या मधे ती जाताना बसली होती. तेव्हा ती रागाने जळत होती. आता तिला त्या आडवाटेने गेलेल्या माणसाशी बोलावंसं वाटत होतं. फक्त त्याच्याशीच बोलता आलं असतं, आणि तोही काही बोलला नसता.

जळकोट मागं पडल्यावर रस्त्याच्या कडेने एक म्हातारी चालताना दिसली. डोक्यावर गाठोडं, हातात काठी. "गाडी थांबवा," असं इरम्मा म्हणणार तोच गाडी थांबली. सोमलिंगने आधीच कासरा ओढला होता.

"बसा आजी," तो म्हणाला, "पायानं कुठं निघालाव?"

"लई देव भेटलाव रं बाबा," म्हातारी धापा टाकत कडब्यावर टेकली. "लेकीकडनं आले. गडबडीत दडून हुते तिच्याकडं. तुमी कुठली?"

"उमरग्याची," इरम्मा म्हणाली, आणि तिचा आवाज मोकळा झाला. "ह्यांना इचारा आजी, रस्ता तरी ठावं हाय का. सकाळपसनं बैल नेतील तिकडं निघालोय."

"बैल माझ्यापरीस शहाणे हायेत," पुढून सोमलिंग म्हणाला. तो अर्धा वळला होता. "ते बायकोचं ऐकत न्हाईत."

म्हातारी तोंडाला पदर लावून हसायला लागली. इरम्मा सरसावून बसली. सगळं घशाशी आलं होतं, सकाळपासूनचं, दोन महिन्यांचं, आणि ती बोलत सुटली; तो उचलत गेला. म्हातारी एकदा हिच्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत हसत होती. "अगं किती बोलताव गं तुमी दोगं," ती डोळे पुसत म्हणाली. "माझा म्हातारा गेला, पर आसं कवा बोलला न्हाई."

इरम्मा थांबली. मग एकदम तिने म्हातारीचा हात धरला. "तुमचं गाव लांब आसंल न्हवं, आजी?"

"न्हाई गं बाय. ते काय, त्या चिंचंपाशी उतरायचं."

चिंच दिसत होती. अगदी समोर. सोमलिंगने कासरा हळूच आखडून धरला, आणि चांगले चालणारे बैल पाय ओढत चालू लागले.